शिक्षा बंद करणेबाबत

त्या कार्यालयाचे पूर्ण नाव मी येथे लिहीत नाही. अब्रुनुकसानीच्या दाव्याचे भय वाटते म्हणून नव्हे. सत्य आणि लोकहित हा त्या दाव्यातला पूर्ण बचाव आहे, आणि दोन्ही माझ्या बाजूने आहेत. नाव लिहीत नाही ते एवढ्यासाठी, की नाव वाचले म्हणजे वाचक सुटकेचा निःश्वास टाकून म्हणतो, हां, तेथले लोक तसेच. तेथले लोक तसे नव्हते. ते अत्यंत नियमाने वागणारे लोक होते. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

ऐंशीचे दशक निम्मे सरले होते. कोर्टात तीस वर्षे कागद लावून मी निवृत्त झालो होतो आणि पांढुर्ण्यात राहत होतो. आसपासच्या खेड्यांतली माणसे अर्ज लिहून घ्यायला माझ्या ओसरीवर येत. अर्ज मी मराठीतच लिहीत असे. राज्य हिंदीचे असले तरी गाऱ्हाणे कोणत्या भाषेत मांडायचे हे ठरवण्याचा अधिकार घटनेच्या तीनशे पन्नासाव्या कलमाने गाऱ्हाणे मांडणाऱ्याला दिलेला आहे, कचेरीतल्या बाबूला नाही. हे कलम मी प्रत्येक अर्जाच्या डाव्या समासात लाल शाईने लिहीत असे. बाबू लोक ते वाचत नसत, पण लाल शाई पाहून कागद जरा जपून धरत.

फाल्गुन संपता संपता सौंसरच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातली बाई आली. संत्र्याच्या बागेत निंदणाला जाणारी, नवरा नसलेली, दोन लेकरांची आई. तिची मोठी मुलगी गावच्या मराठी शाळेत तिसरीत होती. शाळा एकशिक्षकी. गुरुजी शुद्ध बोलण्याचे मोठे कैवारी. त्या मुलीने 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हटले म्हणून त्यांनी तिला मधल्या सुटीपर्यंत अंगणात उन्हात उभी केली होती आणि ती भोवळ येऊन पडली होती.

"काकाजी, आठ दिवस झाले, पोट्टी शाळेत जात नाही," ती म्हणाली. "म्हन्ते, मले उभं नाही राहाचं."

"गुरुजींना विचारलेस का?"

"इचारलं ना. थे म्हन्ते, शिक्षा केल्याबिगर जिभेले वळन लागत नाही. आता घरी आमी सारे पानीच पिऊन राहिलो, तिले पाणी कोठून येईन?"

मला हसू आले, पण ती हसत नव्हती. विहारात दर पौर्णिमेला सांगतात म्हणून नव्हे, तर स्वतःच्या अंगठ्याची लाज वाटते म्हणून तिला ही मुलगी शिकवायची होती. मुलगी एकदा घरी राहिली की धाकट्याला सांभाळण्यात तिचे दिवस जातील आणि मग ती शाळेत परत जाणार नाही, हे तिला पक्के ठाऊक होते.

मी दोन पानी अर्ज लिहिला. आजही मला त्यात खोडण्यासारखे काही दिसत नाही. वर मधोमध, अधोरेखित, विषय घातला: शाळेतील शिक्षा तात्काळ बंद करणेबाबत. खाली तिचा अंगठा घेतला आणि तिने वस्तीतून आणखी दहा आयांचे अंगठे आणून दिले. प्रत्येक अंगठ्यापुढे 'समजून दिला' असे मी माझ्या हाताने लिहिले. हा शेरा पुढे किती घट्ट बसणार आहे, याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

अर्ज द्यायला मी जातीने सौंसरला गेलो. शिक्षण खात्याच्या त्या कार्यालयात त्याच महिन्यात नवे साहेब आले होते आणि त्यांनी एक कपाट करवून घेतले होते. सागवानी, भिंतभर. आडव्या पाच ओळी, उभे बारा रकाने, साठ कप्पे. डावीकडे पांढऱ्या रंगात, हिंदीत, कागदाचे प्रकार रंगवले होते: आवेदन, शिकायत, सुझाव, अपील, स्मरण-पत्र. वरती विषय: भवन, नियुक्ति, स्थानांतरण, छात्रवृत्ति, सामग्री, असे करत करत शिक्षा. या साठांच्या खाली, पंक्तीबाहेर बसवलेल्या पाहुण्यासारखा, एकसष्टावा कप्पा होता: विविध.

खरे सांगायचे तर कपाट पाहून मला त्या माणसाविषयी आदर वाटला होता. कागद काय आहे हा एक प्रश्न आणि कागद कशाबद्दल आहे हा दुसरा, एवढे कळणारा अधिकारी मी तीस वर्षांत पाहिला नव्हता. आमच्या कोर्टात फिर्याद आणि विहीर ही दोन्ही नावे एकाच यादीत एकाखाली एक असत. पण आदर फार वेळ टिकला नाही. शिक्षण खात्याच्या कपाटात 'शिक्षा' नावाचा रकाना ठेवणे म्हणजे पिठाच्या गिरणीत एका डब्यावर 'पीठ' लिहून ठेवणे. जे कोठेच बसत नसे ते सारे त्या रकान्यात जाई. आणि 'विविध' मात्र साहेबांना अभिमान वाटावा इतके रिकामे राही.

कागद लावणारा बाबू सौंसरचाच होता. घरी मराठी, खुर्चीत हिंदी. कागद वाचण्याचे कष्ट त्याला नव्या पद्धतीने वाचवले होते. विषयाच्या ओळीत जो शब्द रकान्यावर रंगवलेल्या शब्दाशी जुळेल, त्या रकान्यात कागद. आणि नोंदवहीत एका ओळीचे हिंदी सार. त्याने माझा अर्ज घेतला, बोटाने विषय शोधला, कपाटाकडे पाहिले, आणि तो 'आवेदन' आणि 'शिक्षा' यांच्या छेदावरच्या कप्प्यात सरकवला.

मी पोच घेऊन परतलो. बसमध्ये मला समाधानाने झोप लागली होती, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

शाळा उन्हाळ्याच्या सुटीनंतर उघडल्या आणि ती बाई पुन्हा ओसरीवर आली. या वेळी तिच्यासोबत आणखी चार जणी होत्या आणि कोणीही बसायला तयार नव्हते.

"काकाजी, तुमी कागदात काय लिवलं होतं?"

"का?"

"शाळा बंद होऊन राहिली. गुरुजीनं यादी वाचून दाखवली. म्हने, तुमच्याच अंगठ्यानं बंद होऊन राहिली, आता मायाकडे काऊन रडता."

मागची एक जण म्हणाली, "आमी तर तोंडानं बी असं नाही बोललो."

दुसऱ्या दिवशी मी सौंसरच्या कार्यालयात होतो. बाबूने नोंदवही फिरवून माझ्यापुढे धरली. सार असे होते: ग्राम की शाला में शिक्षा तत्काल बंद करने बाबत, ग्यारह पालकों की माँग, समझकर दी गई। कमी पोरांच्या, बंद करायच्या शाळांची यादी वरून मागवली होती. ती यादी करताना 'शिक्षा' रकाना उपसला गेला आणि त्यात अशी एकच शाळा निघाली की जी बंद करा म्हणून गावकरीच हात जोडून सांगत होते. साहेबांनी तिला पहिला क्रमांक दिला होता.

"शिक्षा म्हणजे मार. छडी, ऊन, अंगठे धरणे," मी म्हणालो. "तुम्ही घरी मराठी बोलता ना?"

"घर पर," बाबू म्हणाला. मग आजूबाजूला पाहून त्याने आवाज खाली आणला. "बाबूजी, मले समजलं होतं. पण आपल्याले समजून काय करायचं? कपाटावर शिक्षा, तुमच्या कागदावर शिक्षा. मी एक अक्षर नाही बदललं. बदललं असतं तर तुम्हीच मले कोर्टात नेलं असतं."

नेले असते. त्या क्षणी माझा संताप दुप्पट झाला तो यामुळेच, की त्याचे म्हणणे कायद्याने निर्दोष होते. शब्द तोच, लिपी तीच, अंगठे खरे, शेरा माझा. एखाद्या कागदात खोटे काहीही नसताना तो संपूर्ण खोटा कसा होतो, याचे याहून शुद्ध उदाहरण मला कोर्टातही मिळाले नव्हते.

मी तेथेच बाकावर बसून खुलासा लिहिला. विषय: 'शिक्षा' या शब्दाच्या अर्थाबाबत. बाबूने विषय वाचला, जुना क्रमांक जोडला, आणि आधीच्या अर्जाशी संबंधित म्हणून तो 'स्मरण-पत्र' आणि 'शिक्षा' यांच्या कप्प्यात टाकला. सार: आवेदक पुनः स्मरण कराते हैं। म्हणजे शाळा बंद करण्याची मला घाई झाली होती.

मग मी अपील केले. घटनेचे तीनशे पन्नास-क कलम लावले, जे प्रत्येक राज्याला सांगते की अल्पसंख्य भाषकांच्या लेकरांना प्राथमिक शिक्षण त्यांच्या मायबोलीत मिळण्याची सोय करा. चार पाने. अपिले जिल्ह्याला जात, म्हणून त्याचे सारही जिल्ह्याला गेले: शिक्षा बंद न होने से असंतुष्ट। एवढ्या मोठ्या कलमाचा त्या एका ओळीत मागमूस नव्हता.

यावर मी शब्दच बदलायचे ठरवले. विषय: शाळेतील छडी बंद करणेबाबत. 'छडी' रकान्यावर नव्हती. पण ती वस्तू आहे हे बाबूने ताडले आणि कागद 'सामग्री'त गेला. पंधरा दिवसांनी मला छापील उत्तर आले, की चालू वर्षात छडीचे आवंटन उपलब्ध नाही, कृपया पुढील वर्षी मागणी करावी. हे उत्तर मी ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवले. ती बाई ऐकत होती. बाकीच्या चौघी एव्हाना यायच्या बंद झाल्या होत्या.

"म्हंजे आता गुरुजीले छडी बी सरकारच देनार होतं?" तिने विचारले.

"तसा त्याचा अर्थ नाही."

"तुमच्या कोनत्याच कागदाचा तसा अर्थ नसते, काकाजी."

शाळेला कुलूप लागायला दीड महिना उरला होता. पोरांनी त्यानंतर दोन कोसांवरच्या हिंदी शाळेत जायचे होते, मध्ये नाला. तिने चौकशी करून ठेवली होती. मुलगे जातील, असे ठरले होते. मुलींचे काही ठरले नव्हते, म्हणजेच ठरले होते. तिची मुलगी मात्र चौथीत बसली होती आणि शाळेत जात होती. शाळाच जाणार म्हटल्यावर तिला उन्हाची भीती लहान वाटू लागली होती.

बाईने माझ्या हातातल्या कोऱ्या कागदाकडे पाहिले.

"काकाजी, तो बाबू वरचंच वाचते ना?"

"हो. विषय."

"मंग थे विषय-बिषय लिहिताच काऊन? नका लिहू."

मी तिला समजावले, की विषयाविना अर्ज म्हणजे मस्तकाविना धड. कोणत्याही सुव्यवस्थित कार्यालयात असा कागद कोठे लावायचा हेच कळणार नाही. ती म्हणाली, "थेच तं म्हनून राहिली मी."

मी रागावलो. तिला जायला सांगितले नाही, पण चष्मा काढून पुसायला घेतला, ज्याचा अर्थ माझ्या घरी सर्वांना माहीत होता. तीस वर्षे मी नव्या वकिलांचे कागद विषय नाही म्हणून परत फेकले होते. विषय न लिहिणे हा आळशाचा, अडाण्याचा आणि लबाडाचा मार्ग, असे माझे मत होते. ती गेली. संध्याकाळ व्हायच्या आत मी तो अर्ज लिहिला. सरळ 'महोदय' पासून सुरुवात. कलम नाही, लाल शाई नाही. एक मुलगी पाण्याला पानी म्हणाली म्हणून उन्हात उभी केली गेली आणि पडली. आयांना मार नको आहे, शाळा हवी आहे. सात ओळी झाल्या. वरची जागा इतकी मोकळी दिसत होती की मी दोनदा टाक बुडवून तिथे नेला आणि दोनदा मागे घेतला.

सौंसरला बाबूने कागद उलटा केला, सुलटा केला.

"विषय?"

"नाही."

"बाबूजी, तुमच्या कागदाले विषय नाही?" त्याच्या आवाजात खरोखरच काळजी होती, एखाद्याची प्रकृती विचारावी तशी. मग त्याने नाइलाजाने खाली वाकून तो एकसष्टाव्या कप्प्यात ठेवला आणि पुटपुटला, "साहेब चिडतीन. विविध थे सोता पाहते शनिवारी."

हे मला कोणी सांगितले नव्हते. 'विविध'मध्ये कागद सापडणे हा साहेबांना आपल्या कपाटाचा अपमान वाटे, म्हणून त्या कप्प्यातला प्रत्येक कागद ते स्वतः, शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. साठ कप्पे कागद लावण्यासाठी होते. वाचण्यासाठी एकच होता.

शनिवारी बाई आणि मी निघालो. जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्यांनी बस खच्चून भरलेली. कोणाच्या हातात नारळ, कोणाच्या मांडीवर अंगात येणारे माणूस धरून ठेवलेले. बाई उभ्यानेच म्हणाली, "हे सारे मारुतीकडे चालले, आन आपन कपाटाकडे." पुढच्या आसनावरचा एक जण वळून म्हणाला, "मारुतीले बी सांगून ठेवा, मावशी. कपाटाचा भरवसा नाही." त्याला ती गोष्ट ठाऊक नव्हती, तरी त्याचे म्हणणे बरोबर होते.

साहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, जी तिने घेतली नाही. कागद त्यांच्यापुढे होता आणि शेजारी बाबूने आणून ठेवलेली माझी चारही जुनी पत्रे.

"तो आप पढ़ाई के विरोध में नहीं हैं?" त्यांनी मला विचारले.

तीस वर्षे कोर्टात काढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारला गेला, याची नोंद वाचकांनी घ्यावी. मी म्हणालो, "नहीं, महोदय."

"मार के विरोध में हैं?"

"जी."

त्यांनी माझी जुनी पत्रे एकेक करून पाहिली, अपिलाच्या प्रतीवर आले, आणि हसले. हसण्यात कुचेष्टा नव्हती. ती असती तर मला बरे वाटले असते. "आपकी भाषा बहुत शुद्ध है," ते म्हणाले, आणि त्यांनी यादीवरचे शाळेचे नाव खोडले. आदेशाचा मजकूर त्यांनी तिथेच सांगितला आणि बाबूने तो टंकित केला: उक्त शाला में शिक्षा यथावत जारी रखी जाए।

मी तो वाचला. मी, ज्याने चार महिने या एका शब्दाशी हाणामारी केली होती, तो वाचला, घडी केली, खिशात ठेवला आणि आभार मानले. विजयात माणूस किती बारकाईने वाचतो, हे मला त्या दिवशी समजायला हवे होते.

गुरुजींना आदेशाची प्रत मिळाली. ते नियमाचे पक्के आणि मराठीचे त्याहून पक्के. त्यांनी ती भिंतीवर चिकटवली आणि भादव्याच्या उन्हात सहा पोरांना उभे केले. कोणी विचारले तर भिंतीकडे छडीचे टोक करीत. शिक्षा यथावत जारी. वर शिक्का.

बाई सांगायला आली तेव्हा मी कागद पुढे ओढला होता. तिने तो हाताने धरला.

"आता नका लिहू, काकाजी. तुमचं लिहिनं लय कडक हाय. मागच्या बारीले अर्धी शाळा गेली होती त्यानं."

"मग काय करणार आहेस?"

"जातो ना."

ती गेली, हे मला पुढे त्याच वस्तीतल्यांकडून कळले. सोबत निंदणाला निघालेल्या सात-आठ बायका, हातात विळे, कारण त्यांना तिथून पुढे बागेत जायचे होते. त्या शाळेच्या अंगणात गेल्या आणि उभ्या केलेल्या पोरांच्या रांगेत, उन्हात, आपापल्या पोरांजवळ बसल्या. गुरुजी बाहेर आले. त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवले.

बाई म्हणाली, "गुरुजी, थो कागद हिंदीत हाय. हिंदीत शिक्षा म्हंजे शिकवनं. मी अंगठा देनारी, मले मालूम हाय. तुमी तं शुद्ध वाचनारे." मग म्हणाली, "हुकूम जारी ठेवाचा हाय ना? ठेवा. आमी बसलो."

गुरुजींनी पाठ सुरू केला म्हणतात. अंगणातच, कारण वर्ग अंगणात होता. दुसऱ्या दिवशीही त्या बसल्या, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी पोरे आत होती. मुलगी चौथी पास झाली आणि पाचवीला सौंसरला गेली. 'पानी' ती अजूनही म्हणते.

त्यानंतर दुसऱ्या वर्षी, दसऱ्याच्या सुमारास, मला जिल्ह्यावरून कार्ड आले. माझे अपील तेथल्या कोणत्या तरी कप्प्यात अजून जिवंत होते. मजकूर असा: शिक्षा बंद करने संबंधी आपकी अपील विचाराधीन है। योगायोगाने बाई त्या दिवशी ओसरीवर होती, मुलीच्या दाखल्याचे काही तरी विचारायला. तिने विचारले म्हणून मी कार्ड वाचून दाखवले, आणि लगेच उत्तरासाठी दौत उघडली.

"काय म्हन्ते थे?"

"विचार करीत आहेत, म्हणतात."

तिने दौतीचे झाकण लावले.

"करू द्या," ती म्हणाली. "तुमी काही आठवन नका देऊ."